वजा केल्यावर उरलेली प्रदक्षिणा

समई अशीच तेवत राहू द्या. तिच्या उजेडात सांगतो.

दिल्लीतल्या आर. के. पुरमचे सरकारी घर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आलो, तेव्हा भोवतीच्या अर्ध्या इमारतींना खिडक्याही नव्हत्या. माझी सून अक्षया संशोधक. दूरचे तारे एकमेकांत मिसळताना अवकाश किंचित थरथरते. ती थरथर टिपणाऱ्या भावी वेधशाळांना जमिनीचा कंप किती छळेल, हा तिच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी तिने तळघरातल्या एका खांबाशी बॅटरीवर चालणारा भूकंपमापक ठेवला होता. पंप, लिफ्ट, हमरस्त्यावरचे ट्रक, एकेकाचा कंप ओळखायचा आणि नोंदीतून वजा करायचा.

एका संध्याकाळी वीज गेली. तिला उजेड हवा, म्हणून मी कंदील घेऊन खाली उतरलो. शेजारच्या भूखंडावर नव्या मनोऱ्यासाठी खोल खणले होते. भिंतीतून ओल्या मातीचा वास येत होता. लॅपटॉपच्या निळसर प्रकाशात अक्षया हसली.

"या बाबा. तुमच्या तुळशीच्या प्रदक्षिणाही सापडल्या. माझ्या हिशेबी तोही नॉइजच, सॉरी हं!"

"खुशाल वजा कर. देव रागावत नाही."

"केल्या ना. पण अजून कोणीतरी फिरतंय... या खांबाभोवती. फेरी संपली की थांबतं, तुम्ही नमस्काराला थांबता तसं. यंत्राची खोट समजून दोनदा वायर बदलली मी."

मी हात जोडले. मातीच्या वासात आता विझल्या कापराचा वास मिसळला होता.

"बाबा..." तिचा आवाज एकदम खाली गेला. "आज फेरी नाही. सरळ येतंय."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे..."

वारा नव्हता, तरी कंदिलाची ज्योत जिन्याकडे कलली. प्रदक्षिणा घालणारा वाईट हेतूने जवळ येणार नाही, सावध करायलाच येत असेल, एवढेच मला सुचले. मी तिचे मनगट धरले.

"अहो बाबा, यंत्र..."

"राहू दे. चल, बाळ."

आम्ही शेवटच्या पायरीवर असताना मागची भिंत खचली. खड्ड्याकडचा चिखल तळघरात कोसळला आणि ती बसली होती ती जागा नाहीशी झाली.

पुढे चिखल उपसला तेव्हा यंत्र शाबूत निघाले. अक्षयाने भिंतीचा आघात वजा केला, आम्हा दोघांची पावलेही वजा केली. तिसरी पावले उरली. ती आमच्यामागून जिना चढून दारापर्यंत आली होती. परतल्याची नोंद नव्हती.

माझी सून घरात हसते-बोलते आहे, हे मी त्या पावलांचे देणे मानतो. रोज नैवेद्याची दुसरी वाटी भरतो आणि मग तुळशीभोवती फिरतो. फेरी संपवून नमस्काराला थांबलो, की माझ्या पाठीमागे कोणीतरी एक पाऊल उशिरा थांबते.