लाल तेवढेच फुटले

पोलादपूरच्या अंगणवाडीतून फोन आला, तेव्हा उज्वलाने डबा नुकताच उघडला होता.

"मॅडम, तुमचे ब्लॉक बिस्किटासारखे चुरतायत! आमच्या छोट्या ओंकारचा गुडघा फुटला आज."

महाडजवळच्या या कारखान्यात पाडकामाचा राडारोडा दळून अंगणात बसवायचे ब्लॉक बनत. ते तपासणं उज्वलाचं काम. गेल्या महिन्याची नेमकी हीच खेप लेकीच्या तापात ती रजेवर असताना गेली होती.

तिने जाऊन पाहिलं. करड्या ब्लॉकांत लाल ब्लॉकांचं फूल बसवलेलं. पाकळ्यांचा चुरा झाला होता. करड्यांवर पोरं उड्या मारत होती.

परतली, तर मॅनेजर राजेंद्रसाहेबांचा निकाल तयार.

"मिक्सरवरच्या प्रवीणने सांगितलं. साळूबाईने राडारोडा निवडताना पट्ट्यावरचा जांभा उचलला नाही, मऊ दगड खडीत गेला. उद्यापासून तिचं काम बंद."

"सर, तिला विचारू तरी द्या!"

"संध्याकाळपर्यंत विचारा."

साळूबाई भडकलीच. "बाय, रोज सहा पाट्या जांभा काढते मी. मागं टाकते."

मागचा लाल ढीग जेमतेम गुडघाभर होता.

"मावशी, रोज सहा पाट्या, आणि एवढाच?"

"मी टाकलाय. तो कुठं चालत गेला, मला काय ठावं?"

उज्वला वैतागली. म्हातारी खोटं बोलतेय की काय? पाय आपटत ती मिक्सरकडे गेली.

"प्रवीण, लाल रंग कधी आला?"

"काय सांगू मॅडम! कशेडी घाटात दरड, गाडीच येईना. महिनाभराने आला एकदाचा, या सोमवारी. पण माझी एक ऑर्डर अडली नाय!"

कोपऱ्यात रंगाची पोती होती. एकाचीही शिवण उसवलेली नव्हती.

उज्वलाने दोघांनाही साहेबांच्या खोलीत बोलावलं.

"सर, लाल आणि करडे एकाच खडीचे. साळूबाईंच्या हातून जांभा सुटला असता, तर करडेही फुटले असते. लाल ब्लॉक गेल्या महिन्यातले, रंग आला सोमवारी. मग ते लाल झाले कशाने? मागच्या ढिगाने. जांभ्याची भुकटी करून यानेच मिक्सरमध्ये घातली."

प्रवीणने मान खाली घातली. "ऑर्डर अडली असती, तर साहेब मलाच बोलले असते."

"म्हणून हिचं नाव पुढे केलंस?"

राजेंद्रसाहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे. साळूबाई कामावर राहील. ब्लॉक उखडून आणा, परत दळू."

"म्हंजे ते माझ्याच पट्ट्यावर येनार?" साळूबाईने विचारलं.

तिने कमरेवरची पाटी प्रवीणच्या पुढ्यात आदळली.

"मग लाल तेवढं हा उचलंल."