बाळंतिणींच्या खोलीचं माप

त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरणारा शिपाई आला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तो आला नाही, आणि नकाशे काढणारी ती, वही बगलेत मारून, जुन्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एकटीच चरफडत उभी राहिली. आत एक गवंडी भिंतीला कान लावून टकटक करत होता.

"जरा हे टोक धरता का?"

"धरतो की. पण सोडा म्हणेपर्यंत सोडणार नाही हं, मॅडम."

आता एवढ्याशा बोलण्यानं कोणी विरघळतं का? ती विरघळली खरी.

दवाखाना आधी तापाच्या साथीतल्या रोग्यांसाठी बांधलेला. मग तिथं बाळंतिणी आल्या, आणि मोठं इस्पितळ झाल्यावर सरकारी कागदांचं गोदाम. आता वाचनालय व्हायचं होतं. काय ठेवायचं नि काय पाडायचं, ते तिच्या मापांवरून तिच्या कचेरीतले साहेब ठरवणार होते. चुन्याची दुरुस्ती गवंड्याकडे होती, पण त्याचा जीव अडकला होता बाळंतिणींच्या खोलीत. त्याची आई तिथं बावीस वर्षं आया होती. कुठल्या खिडकीतून बापांना बाळ दाखवायचे, तेसुद्धा त्यानं तिला दाखवलं. ही एक खोली वाचू दे, बाकी काही नको, असं तो रोज म्हणायचा.

तो कोपऱ्यात टोक धरायचा, ती आकडा वाचायची, आणि टेप ताणलेली असताना दोघं एकमेकांकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघायची. टेपला झोल पडलाय म्हणून ती ओरडली, की तो शांतपणे म्हणायचा, "टेप ताठ आहे, मॅडम… हात तुमचा कापतोय."

नवव्या दिवशी मोजायची फक्त बाळंतिणींची खोली उरली. खोली सरळ आहे का ते बघायला दोन तिरकी मापं घेतात, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही तंतोतंत जुळली. झालं, काम संपलं. उद्यापासून कुठल्या निमित्तानं यायचं? वहीत तिनं एक माप सात इंच कमी लिहिलं. मापं जुळली नाहीत की साहेब चिडायचे आणि परत पाठवायचे, हे नेहमीचंच. एक दिवस वाढेल. एकच दिवस तर.

त्याच संध्याकाळी तिची बहीण बाळंतपणात अडली. वही शिपायाकडून साहेबांना गेली, आणि ती पाच दिवस मोठ्या इस्पितळात बहिणीच्या उशाशी बसून राहिली. कामावर आली तेव्हा कळलं, या वेळी साहेबांना घाई होती, परत मोजायला त्यांनी कुणाला पाठवलंच नाही. भिंत सरकली आहे, धोका आहे, असा शेरा मारून त्यांनी सही केली होती.

ती तशीच धावत निघाली. खोलीच्या दोन भिंती पडल्या होत्या. तो विटांच्या ढिगापाशी बसला होता.

"मापं जुळली नाहीत म्हणे. टोक माझ्याच हातून सरकलं," तो म्हणाला. "लक्ष नव्हतं माझं. मी… तुमच्याकडे बघत होतो. आता आईला काय सांगू, तिची खोली मीच घालवली म्हणून?"

नऊ दिवस तिला हेच ऐकायचं होतं, आणि ते असं ऐकायला आलं. गप्प राहिली असती, तर तो तिचाच होता. पण उरलेला जन्म तो स्वतःला दोष देत राहिला असता, आणि ते तिला बघवलं नसतं.

"टोक सरकलं नव्हतं," ती म्हणाली. "आकडा मी खोटा लिहिला. मला आणखी एक दिवस इथं यायला मिळावं म्हणून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं ढिगातली एक वीट उचलून बाजूला ठेवली.

"उद्या भेटा, एवढंच म्हणायचं होतंत तुम्ही," तो शेवटी म्हणाला. "आलो असतो. रोज आलो असतो."

मग तो उठला, हात झटकले आणि आईला सांगायला निघाला. मी येऊ का, असं तिनं विचारलं. त्यानं मान हलवून नको म्हटलं.

पाच महिन्यांनी वाचनालय उघडलं. चुन्याचं काम दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं.