जुळल्याशिवाय

वडील गेल्यावर दोघी बहिणींनी घर वाटून घेतलं, म्हणजे भांडून घेतलं. थोरलीकडे रस्त्याकडची मोठी खोली आणि स्वयंपाकघर आलं. धाकटीकडे मागची अंधारी खोली, तिथला गळका नळ आणि वडिलांचा कॅमेरा. धाकटी पन्नाशीला टेकली होती, पण शेंडेफळाला घरात वय येत नाही. ती चिमीच राहिली. वाटणी तोंडी होती. कागदावर सगळं घर थोरलीचं होतं, आणि ही गोष्ट थोरली दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची.

त्या मागच्या खोलीत चिमी फिल्म धुवायची. खिडकीला काळा कागद, दोरीला चिमटे, फरशीवर औषधांचे डाग, आणि हवेत आंबूस वास. लोक फोनवर फोटो काढायला लागले तरी तिची मोजकी गिऱ्हाइकं टिकून होती. त्या खोलीखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे जायलाही जागा नव्हती.

कॅमेरा जुन्या पद्धतीचा, अंतर मोजणारा. त्याच्या बघायच्या काचेत मधोमध एक पिवळट चौकोन होता. त्या चौकोनात समोरच्या माणसाची दुसरी, फिकट आकृती दिसायची, खऱ्या आकृतीच्या जरा बाजूला सरकलेली. लेन्सचं कडं फिरवत नेलं की ती सरकत यायची आणि खरीवर नेमकी बसायची. बसली की अंतर बरोबर. कड्याला खालून बोट टेकवायला एक खुंटी होती. खुंटी एका टोकाला असली की माणूस लांब, दुसऱ्या टोकाला असली की हातभर अंतरावर. वडील वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. ते म्हणायचे, खुंटी बघायची नाही, बोटाला अंतर कळलं पाहिजे. आणि दुसरं म्हणायचे, जुळल्याशिवाय दाबायचं नाही. दुसरं जरा जास्तच करड्या आवाजात म्हणायचे. का, ते चिमीने कधी विचारलं नव्हतं.

एका दुपारी थोरली दारात येऊन उभी राहिली. आत यायची नाही ती. वासाने डोकं दुखतं म्हणायची.

"माझा एक फोटो काढून दे."

"कशाला?"

"घर विकतेय. घेणाऱ्या लोकांना कागदपत्रांसाठी फोटो लागतो."

"आणि मी?"

"तू तुझं बघ. जन्मभर या बिळात तुला फुकट ठेवलं, ते काय कमी झालं?"

"मग दुकानात जा की फोटो काढायला."

"घरात फोटोग्राफरीण पोसलीय ती काय शोभेला?"

चिमीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती मूग गिळून कॅमेरा घेऊन थोरलीच्या खोलीत गेली. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, मान खिडकीकडे वळवून, नाकाने कांदे सोलत असल्यासारखी. चिमी पार समोरच्या भिंतीला, दाराशी उभी राहिली. मध्ये जेवणाचं टेबल होतं. तिने काचेतून पाहिलं, आणि तिच्या मनात आलं, फोटो बिघडला तर व्यवहार तेवढाच लांबेल. तिने खुंटी मुद्दाम चुकीच्या टोकाला ढकलली. चौकोनातली दुसरी थोरली खुर्चीबाहेर वीतभर डावीकडे सरकून बसली. गेलीस उडत, असं मनात म्हणून चिमीने बटण दाबलं. मग फिल्म पुढे सरकवत आणखी दोन-तीनदा दाबलं. तिला बरं वाटलं, अगदी लहानपणी थोरलीची वेणी ओढून पळताना वाटायचं तसं.

संध्याकाळी तिने फिल्म धुतली. प्रिंट काढायला कागद औषधात सोडला आणि लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसली. धुरकट काहीतरी वर येईल अशी तिची खात्री होती.

फोटो खणखणीत आला. फक्त त्यात थोरली दोन होत्या.

एक खुर्चीत, खिडकीकडे बघणारी. दुसरी वीतभर डावीकडे, खाली खुर्ची नसताना तशीच बसलेली. साडीची तीच घडी, तोच चष्मा. पण ही दुसरी खिडकीकडे बघत नव्हती. ती सरळ चिमीकडे बघत होती, खाऊ की गिळू अशा नजरेने.

चिमी भुताखेतं मानणाऱ्यांतली नव्हती. तिने नळाखाली हात धुतले आणि विचार केला. अंतर चुकलं तर फोटो धूसर येतो. दोन येत नाहीत. चौकोनातली आकृती नुसती डोळ्यासाठी असते, तिला फिल्मपर्यंत पोचायला वाटच नाही. एकावर एक दोन फोटो पडले म्हणावं, तर हा कॅमेरा फिल्म पुढे सरकवल्याशिवाय बटण दाबू देत नाही. आणि दोनदा दाबलं असतं तरी थोरलीने मान वळवली कधी? तिने प्रिंट पालथा घातला. पाठमोऱ्या कागदाकडेही तिला बघवेना.

"फोटो हलला," सकाळी तिने सांगून टाकलं.

"हलला की हलवलास?" थोरली म्हणाली. "ओळखून आहे मी तुला." आणि चपला घालून तरातरा कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

परत आली ती सावकाश. खुर्चीत बसून बराच वेळ चपलेचा पट्टा सोडत राहिली.

"माझा चेहराच सापडत नाही म्हणाला," ती म्हणाली. "यंत्र चौकट लावतं ना चेहऱ्याला, ती लागेना. बाकी सगळ्यांना लागत होती."

"मग झाडलं असशील त्याला चांगलं."

"नाही गं," थोरली म्हणाली. "त्याची काय चूक?"

चिमी बघतच राहिली. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाची चूक नाही असं वाक्य या बाईच्या तोंडून तिने आजवर ऐकलं नव्हतं.

ती कॅमेरा घेऊन आली. या वेळी नीट काढू, म्हणाली, आणि खरंच तसं तिच्या मनात होतं. थोरली खिडकीपाशी बसली. चिमीने चौकोन तिच्या चेहऱ्यावर आणला आणि खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. चौकोनात दुसरी आकृती नव्हतीच. तिथे नुसता पिवळट उजेड होता. तिने कॅमेरा हळूहळू खोलीभर फिरवला, आणि टेबलावर आल्यावर चौकोनात ती दुसरी सापडली. टेबलाशी उभी होती, त्याच्या कडेला एक हात टेकवून. चौकोन जरा बाजूला नेला की तिथे रिकामं टेबल, परत आणला की ती. चिमीकडून भीतीनेच बटण दाबलं गेलं.

त्या फोटोत खुर्चीतल्या थोरलीच्या खांद्यातून खिडकीचे गज दिसत होते. टेबलाशी उभी असलेली मात्र ठसठशीत होती. तिच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेल्या दोऱ्याचे वेढे मोजून घ्यावेत इतकी.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. चिमीने मुद्दाम नळ वाहता ठेवला, थोरली काही बोलली नाही. औषधाचा ट्रे तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला, तिने तो जपून बाजूला सरकवला. तिचा आवाज बसत चालला होता. शेजारीण जिन्यात भेटली तर चिमीशीच बोलायची. थोरलीला ओलांडून तिची नजर मागच्या भिंतीवर जायची. एकदा जेवताना थोरलीने विचारलं, "आपण कशावरून भांडत होतो गं?"

"घरावरून," चिमी म्हणाली.

"कुठल्या?"

चिमीने ताट बाजूला सारलं. विळ्या-भोपळ्याचं का असेना, या बाईशी तिचं सख्य होतं. सगळं तडतडणं, टोचून बोलणं, वाकड्यात शिरणं म्हणजेच तर तिची ताई होती, आणि ते सगळं आता या खुर्चीत नव्हतं. ते त्या टेबलाशी उभं होतं. चिमीनेच ते तिथे नेऊन ठेवलं होतं. जुळल्याशिवाय दाबलं होतं.

मग उपायही एकच.

दुपारचं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. थोरली आपली आपणच खुर्चीत जाऊन बसली.

"ताई, एकच फोटो. घर वीक. माझं बीळसुद्धा वीक. मी जाईन कुठेही. फक्त हलू नकोस."

"बरं," थोरली म्हणाली. हे 'बरं' ऐकून चिमीला रडू आलं.

ती दाराशी, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन थोरलीच्या डाव्या डोळ्यावर धरला. चौकोन रिकामा होता.

तिने खुंटी फिरवायला घेतली. हळू. अगदी हळू.

कडेने काहीतरी फिकट आत आलं.

चष्म्याची काडी. मग भुवई. मग डोळा. सरकत सरकत तो थोरलीच्या डोळ्याकडे आला. चिमीने दात आवळले. केसाइतकं अंतर राहिलं. मग तेही राहिलं नाही.

डोळ्यावर डोळा बसला. एकच थोरली. काठ न् काठ जुळलेला.

तिने बटण दाबलं. बारीकशी टक झाली. चिमीला एकदम हलकं वाटलं.

"झालं, ताई. जुळलं."

थोरली खिडकीशी, लांब, तशीच बसून होती.

तेव्हा बोटाला कळलं.

खुंटी टोकाला जाऊन अडकली होती. जवळच्या टोकाला, हातभर अंतराच्या. त्याच्या अलीकडचं या कॅमेऱ्याला मोजता येत नाही.

चिमीने कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. काढला तर समोर नुसती खोली दिसेल, ती दुसरी दिसणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिने श्वास रोखला.

काचेवर धुकं आलं. खिडकी पुसट झाली, खुर्ची पुसट झाली, चौकोन दिसेनासा झाला. तिचा श्वास लागून डोळ्याकडची काच धुरकट व्हायची, ते तिला सवयीचं होतं. पण हे धुकं कॅमेऱ्याच्या पलीकडच्या, बाहेरच्या काचेवर होतं.

ते हळूहळू निवळलं. मग पुन्हा आलं.

चिमीने अजून श्वास सोडला नव्हता.