पेलिकन वाळूवरचा चहा

रोवेना टास्कर दार न वाजवता आत आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभीच राहिली. अंगात वेल्डिंगचा जाड कोट तसाच होता.

“हेस्टर, आज सकाळी क्लेमची पंट बुडाली,” ती म्हणाली. “मी बांधलेली.”

हेस्टर क्विन्लनने तिच्याकडे खुर्ची सरकवली. बंदरखात्यातली नोकरी सोडून ती खासगी तपास करू लागली त्याला बरीच वर्षं झाली होती. टी-ट्री खाडीच्या काठचं कुणीही अडलं की तिच्याकडेच येई. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अंड्याचं सँडविच खात बसलेला जाडजूड माणूस तिचा मित्र, डेस मलहर्न. त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि त्याचं डोकंही बससारखंच चाले. सावकाश, प्रत्येक थांब्यावर थांबत.

रोवेनाने घडलेलं सांगितलं. क्लेम हॅदरली ऐंशीला टेकलेला. ओहोटीला त्याने आपली पंट, म्हणजे सपाट बुडाची पत्र्याची होडी, नेहमीसारखी वाळूवर टेकवली आणि पंप व बादली घेऊन आमिषाचे याबी, म्हणजे वाळूत राहणारे छोटे झिंगे, उपसायला तो खारफुटीच्या पलीकडे चालत गेला. भरती चढू लागली तसा परतला, पंट ढकलली आणि निघाला. खाडीतल्या खोल चॅनेलच्या मध्यावर पंटचा मागचा भाग अचानक खाली बसला. त्या चॅनेलमध्ये बुल शार्क फिरतात, तिथे कुणी पाय भिजवत नाही. कालवांची शेती करणारी लोरेटा बस्सी जवळ होती म्हणून म्हातारा वाचला.

“मागच्या कोपऱ्यात सांध्याशी हातभर चीर आहे,” रोवेना म्हणाली. “सगळे म्हणतात, टास्करबाईचं वेल्डिंग उकललं. संध्याकाळी होडी क्लबात दुकानवाल्या वेड पिनॉकचा ठराव आहे. क्लबच्या धक्क्यावरून आणि स्पर्धांतून सपाट होड्या बंद. कालपर्यंत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आज तो मंजूर होणार, आणि माझ्या शेडला कुलूप लागणार.”

“वेल्डिंग उकललं असेल का?” हेस्टरने सरळ विचारलं.

“तू येऊन बघ. माझं चुकलं असेल तर मीच कुलूप लावीन.”

पंट धक्क्याजवळ गवतावर उपडी पडली होती. हेस्टर गुडघ्यांवर बसली आणि चिरेवरून तिने नख फिरवलं. मग डेसलाही तसंच करायला लावलं.

“काय दिसतं?”

“भोक,” डेस म्हणाला.

“भोक कुठे आहे ते सांग. वेल्डिंगवर की शेजारी?”

डेसने चष्मा पुसला. वेल्डिंगची ओळ अखंड होती. फाटला होता तो तिच्या शेजारचा पत्रा. फाटलेली कड चांदीसारखी चकाकत होती आणि तिथेच बोटभर रुंदीचा वाकडा ठसा उमटला होता.

“जुनी चीर खाऱ्या पाण्याने पांढरी पडते,” हेस्टर म्हणाली. “ही आजची आहे. कुणीतरी पहार घालून उचकटली.”

रोवेना तिथेच गवतावर बसली. खांदे सैल सोडून एवढंच म्हणाली, “क्लब म्हणेल, टास्करबाई आपलंच झाकतेय. कोणी केलं ते सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नाही.”

“मग ते शोधू,” हेस्टर म्हणाली.

क्लेम बहिणीच्या घरी घोंगडीत गुंडाळून बसला होता. त्याला अपघातापेक्षा सांडलेल्या याबींचं दुःख जास्त होतं. तळावर फळ्या अंथरलेल्या होत्या, त्यांच्याखाली पाणी कधी साचलं ते कळलंच नाही, असं तो म्हणाला. पंटचं मागचं टोक वाळूच्या काठाबाहेर अधांतरी होतं का, असं हेस्टरने विचारलं. होतं. याबी उपसताना काही ऐकू आलं का? हो, एका होडीची मोटार. अगदी थोडा वेळ. त्याला नवल वाटलं, कारण तेव्हा ओहोटी पार खाली गेली होती. चॅनेल सोडलं तर खाडीत होडी चालवायला पाणीच नव्हतं.

“सुकतीला मोटार कोण चालवतो?” क्लेम म्हणाला. “सुकतीला शहाण्याने बसून राहावं. मी आणि वेडचा बाप आर्ची मुद्दाम पेलिकन वाळूवर पंट टेकवायचो. स्टोव्ह पेटवायचा, किटली ठेवायची, पेला फळीवर. भरती येईपर्यंत जगात कुणाशी देणंघेणं नाही. छोटासा वेडही असायचा मधे बसून, बिस्किटं खात.”

त्या वेळी खाडीत आणखी तिघंच होती. हेस्टरने एकेकाला गाठलं.

लोरेटा बस्सी कालवांच्या रॅकपाशी भेटली. तिची आणि क्लेमची वाळू एकाच काठाची; ती चालतसुद्धा त्याच्या पंटपर्यंत गेली असती. शिवाय रॅक उचकटायची तिची पहार वाकड्या टोकाची होती आणि ते टोक त्या ठशात बरोबर बसत होतं. लोरेटाने स्वतःच सांगितलं की पहार सकाळी जागेवर नव्हती, नंतर भलत्याच टोकाला ओली सापडली.

“माझ्यावर संशय असेल तर तोंडावर बोला,” ती म्हणाली. “पण मग त्या म्हाताऱ्याला मी बाहेर कशाला ओढलं? चांगला जड आहे तो.”

तिनेही मोटार ऐकली होती. तिला वाटलं, गिल असेल. आणि काही दिसलं का? सुकतीला तिला वेडची नवी होडी दिसली होती, चॅनेलपलीकडे, पेलिकन वाळूला लागून. “पांढरीशुभ्र, ताठ उभी, जाहिरातीतल्या चित्रासारखी. मग मी कामाला वाकले.”

गिल सोरेनसन चिंबोऱ्या पकडतो आणि सगळ्यांशी भांडतो. क्लेमशी त्याचं भांडण पिंजऱ्यांच्या जागेवरून, आणि ते सगळ्या गावाला पाठ. तो होडी धूत होता. टोकदार बुडाची जुनी लाकडी होडी, एका कुशीवर काठापर्यंत चिखल, दुसरी कूस कोरडी ठणठणीत.

“मोटार? मी कसली चालवतो?” गिल म्हणाला. “ओहोटीने मला ओढ्यात पकडलं. होडी अशी कलंडली की माझा डबा चिखलात, चहा विजारीत आणि चिंबोऱ्या सगळ्या एका कोपऱ्यात, एकमेकींच्या नांग्या तोडतायत. क्लेमला बुडवायचं असतं तर तोंडावर सांगून बुडवलं असतं.”

“हे मात्र खरं,” डेस पुटपुटला.

शेवटी वेड पिनॉक. धक्क्यालगत त्याचं होड्यांचं दुकान. सकाळची ती पांढरी होडी ट्रेलरवर उभी होती. गडबडीत धुवायची राहिली, असं म्हणत त्याने दोघांना कौतुकाने तिच्याभोवती फिरवलं.

“हा बुडाचा कणा बघा. चाकू. लाट कापत जाते. खाडीत आता असल्याच होड्या पाहिजेत. सपाट पत्र्याचे डबे किती दिवस चालवणार?”

डेसने कण्यावरून हात फिरवला. गुळगुळीत होता. दोन्ही कुशींवर मिठाचे वाळलेले ओघळ, बाकी आरशासारखा रंग.

सकाळी कुठे होता, या प्रश्नाला वेड हसला. पेलिकन वाळूवर अडकलो होतो, म्हणाला. ओहोटीचा अंदाज चुकला आणि होडी टेकली. वाळूच्या चारी बाजूंना खोल पाणी, पाण्यात शार्क, जाणार कुठे? “लोरेटाने बघितलंय मला. विचारा तिला.”

“मग केलंस काय एवढा वेळ?”

“करायचं काय? स्टोव्ह पेटवला, किटली ठेवली. पेला बाकावर, मांडीवर पेपर. भरती येईपर्यंत मस्त बसलो. खरं सांगू, इतका निवांत चहा कित्येक वर्षांत प्यायलो नव्हतो.”

मोटार ऐकलीस का? नाही, तो म्हणाला. किटलीची शिट्टी तेवढी ऐकली.

बाहेर आल्यावर डेसने बोटांवर हिशोब मांडला. “गिल ओढ्यात अडकलेला. वेड पाण्यापलीकडे अडकलेला. उरली लोरेटा. पहारही तिचीच. मला वाईट वाटतंय, हेस्टर, पण दुसरं कोण?”

“डेस, शाळेच्या मुलांना तू काय सांगायचास? बस वळणावर असताना पेला हातात धरायचा नाही. बरोबर?”

“हो. सांडतो.”

“तेवढंच लक्षात ठेव,” हेस्टर म्हणाली आणि वाटेत तिने एक कलिंगड विकत घेतलं.

तुम्हीही मघाच्या चार माणसांचं बोलणं एकदा मनात फिरवून बघा. त्या घटकेला हेस्टरकडे याहून जास्त काही नव्हतं.

संध्याकाळी क्लबचं सभागृह भरलं होतं. टेबलावर लॅमिंग्टन केकचे मोठे सपाट ट्रे होते. रोवेना शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. क्लेम घोंगडीसकट आला होता. वेडने ठराव वाचला, आणि लोरेटा नसती तर क्लेमसारखा देवमाणूस आज आपल्यात नसता, असं जड आवाजात म्हणाला. हात वर व्हायला लागले, तेव्हा हेस्टर उठली.

“हात वर करायच्या आधी पाच मिनिटं द्या,” ती म्हणाली. “चीर वेल्डिंगवर नाही, शेजारच्या पत्र्यात आहे. पंट बाहेर गवतावर आहे, बोट फिरवून बघा. ती लोरेटाच्या पहारीने फाडली. ओहोटीला, क्लेम खारफुटीमागे असताना.”

सगळ्या माना लोरेटाकडे वळल्या. लोरेटाने हाताची घडी घातली.

“पहार रॅकवर पडलेली असते, कुणीही उचलावी,” हेस्टर पुढे म्हणाली. “त्या वेळी एक मोटार वाजली. लोरेटाने ऐकली, क्लेमने ऐकली. दोघं लांब होती, एकमेकांना दिसत नव्हती. म्हणजे कुणीतरी तरंगत होतं. गिल?”

“मी आडवा झालो होतो, सांगितलं ना,” गिल गुरगुरला.

“त्याची होडी मी बघितली. एका कुशीला चिखल, दुसरी कोरडी. चहा विजारीत. टोकदार बुडाची होडी वाळूवर टेकली की असंच होतं.” हेस्टरने कलिंगडाची एक मोठी फाक कापली, साल खाली करून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पाण्याने भरलेला कागदी पेला ठेवला. फाक लगेच कलंडली. पेला घरंगळला आणि पुढच्या रांगेतल्या डेसच्या मांडीवर पाणी सांडलं.

मग तिने लॅमिंग्टनचा एक ट्रे रिकामा केला, टेबलावर ठेवला आणि त्यात काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पेला हलला नाही.

“आता वेड, सकाळी तू काय केलंस ते सगळ्यांना सांग. मला सांगितलंस तसंच.”

वेडचे डोळे त्या फाकेवर खिळले होते.

“मग मी सांगते. पेलिकन वाळूवर अडकलास. किटली ठेवलीस. पेला बाकावर, मांडीवर पेपर. चाकूसारख्या कण्याच्या होडीत, भरती येईपर्यंत. थेंब सांडला नाही. लोरेटाने बघितलं तेव्हाही होडी ताठ उभी होती. कुशीला चिखल नाही, कण्यावर वाळूचा ओरखडा नाही, आणि तूच म्हणालास, धुतलेली नाही. ती होडी आज टेकलीच नव्हती, वेड. वाळूच्या कडेला नांगर टाकून तू तरंगत होतास. लोरेटा वाकली, तू चॅनेल ओलांडलंस, रॅकवरची पहार उचललीस आणि वाळूबाहेर अधांतरी असलेल्या पंटच्या कोपऱ्यात होडीतूनच घातलीस.”

“तेव्हाच मला वाटलं,” डेस मांडी पुसत म्हणाला, “कणा फारच गुळगुळीत आहे म्हणून. म्हणजे, आत्ता वाटतंय.”

सभागृहात कुणीतरी हसलं.

“पण रोज होड्या विकणारा माणूस असं कसं चुकेल?” रोवेनाने मागून विचारलं.

“कारण त्याला ते खरंच आठवत होतं,” हेस्टर म्हणाली. “त्याने सांगितलेला चहा खोटा नाही. तो आर्चीच्या पंटमधला आहे. वाळूवर टेकून भरतीची वाट बघण्याची त्याला एकच आठवण आहे, लहानपणची, सपाट होडीतली. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तीच तोंडात आली.”

वेड खुर्चीत बसला. “मला क्लेमला काही करायचं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “वाटलं, ढकलतानाच पाणी दिसेल. होडी वाळूवरच राहील, लोक बघतील, बस.”

क्लेम घोंगडी सावरत उभा राहिला. “आर्चीच्या पंटलाही तळावर फळ्या होत्या, पोरा,” तो म्हणाला. “त्यांच्याखालचं पाणी दिसत नाही. तुला बिस्किटं आठवली, फळ्या नाही आठवल्या.”

मागे बसलेल्या पोलीस सार्जंटने टोपी घातली आणि वेडला बाहेर नेलं. कुणी शिवी दिली नाही. दारातून जायला वाट तेवढी करून दिली.

ठरावाला एकही हात वर झाला नाही. मग गिल सोरेनसन, ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं, उठून म्हणाला, “मला एक पंट पाहिजे. माझा चहा सांडतो.” सभागृह इतकं हसलं की खिडकीवरचे सीगल उडाले. रोवेनाला लोकांनी शेवटच्या रांगेतून पुढे आणलं, आणि ती दिवसभरात पहिल्यांदा रडली.

पुढच्या रविवारी ओहोटीला पेलिकन वाळूवर खाडीतल्या झाडून सगळ्या पंट रांगेने टेकल्या होत्या. रोवेनाने क्लेमच्या पंटला नवा पत्रा लावला होता. तिच्या फळ्यांवर क्लेम, हेस्टर आणि डेस बसले होते, मधे स्टोव्हवर किटली. डेसने आपला पेला काठोकाठ भरून फळीवर ठेवला आणि हात मागे घेऊन त्याच्याकडे टक लावून बघत राहिला.

“काय झालं?” हेस्टरने विचारलं.

“काही नाही,” डेस समाधानाने म्हणाला. “पुरावा बघतोय.”