भोंग्याची हजेरी

ही गोष्ट खरी आहे हे पटवायला माझ्याकडे पुरावा नाही. साक्षीदार एकच आहे, आणि तो कुत्रा आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. समोरच्याला पाटीवरची शेवटची ओळ दिसते की नाही, हे दिवसभर तपासतो. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की "आधी नंबर काढून घ्या" म्हणून मी मोकळा व्हायचो.

आता नाही म्हणत.

हे सगळं गेल्या हिवाळ्यात सुरू झालं, एका रविवारी संध्याकाळी. तेव्हा आम्ही भाड्याच्या दुमजली घरात राहत होतो. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या, आणि जिन्याखाली एक बुटकं कपाट. त्यात आम्ही सामान हलवतानाची रिकामी खोकी कोंबून ठेवली होती.

घरात माणसं तीन. मी, माझी बायको आणि आमची लेक. बायको नर्स आहे, त्यामुळे तिच्या ड्युटीचा काही नेम नसतो. लेक आठ वर्षांची. डोळे घारे, म्हणून सगळे तिला मनी म्हणतात.

आणि चौथा भोंगा.

भोंगा म्हणजे आमचा बीगल जातीचा कुत्रा. लांब कान, आखूड पाय, शेपटीचं टोक पांढरं. तो नुसता भुंकत नाही, मान वर करून गळा काढतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाई येऊन विचारून गेल्या, घरात कुणाला काही झालंय का. तेव्हापासून हे नाव पडलं.

बीगल पाळणं हे विकतचं दुखणं आहे. कान दर आठवड्याला पुसायचे, नाहीतर ते चिघळतात. पोट कधी भरतच नाही, म्हणून कचऱ्याच्या डब्यावर वीट ठेवायची. घरात एकटा सोडला तर सोफ्याचं काही खरं नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याच्या नाकाला काम द्या, म्हणजे हा शहाण्यासारखा वागेल.

म्हणून आम्ही लपाछपी सुरू केली. मनीने लपायचं. मी तिचा मोजा भोंग्याला हुंगवायचा आणि म्हणायचं, "शोध." तो नाक जमिनीला लावून निघायचा. सापडली की समोर बसून गळा काढायचा, आणि त्याला गाजराचा तुकडा मिळायचा.

डॉक्टरीणबाईंनी एक बजावलं होतं. चुकीच्या जागी बसला तर खाऊ द्यायचा नाही. दिला, तर तो तेच खरं धरून चालेल.

मनीने स्वतःचाही एक नियम केला होता. जो सापडेल तो बाहेर, आणि त्याच जागी दुसऱ्याने लपायचं. त्यामुळे तिच्या मागोमाग मलाही पलंगाखाली घुसावं लागायचं. कंबरेचे हाल व्हायचे, पण लेकीपुढे कुणाचं काय चालतं.

भोंग्याची आणखी एक सवय सांगायला हवी. हे कळपातलं जनावर. दिवे लागले की तो घरभर फिरून आमची हजेरी घ्यायचा. प्रत्येकाच्या हाताला ओलं नाक टेकवायचा. तिघं भरलो की मोठा सुस्कारा सोडून झोपायचा. बायको ड्युटीवर असली की दाराशी बसून राहायचा, ती येईपर्यंत.

त्या रविवारी मनी वर लपली होती. मी धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत हात घातला आणि जे हाताला लागलं ते भोंग्याला हुंगवलं. लोकरीचा छोटा हातमोजा होता.

"शोध."

एरवी तो सुसाट सुटतो. त्या दिवशी जागेवरून हललाच नाही. मग एकेक पाऊल टाकत निघाला. जिन्याशी आला. वर जाईल असं मला वाटलं.

तो जिन्याखाली वळला...

कपाटाच्या बंद दारासमोर बसला. शेपटी हलवली. आणि गळा काढला.

वरून मनी ओरडली, "बाबा, मी इथे आहे. तो कुणाला शोधतोय?"

मी दार उघडलं. खोकी होती. मला हसू आलं. नाकाचा नंबर वाढला वाटतं तुझा, असं म्हणून मी त्याचे कान ओढले.

आणि त्याला गाजर दिलं.

त्या संध्याकाळी भोंग्याने हजेरी घेतली. मी झालो, बायको झाली, मनी झाली. मग तो जिन्याखाली गेला. कपाटासमोर मान उंच केली, आणि हवेत जीभ फिरवली...

कुणी हात पुढे केला की तो चाटतो ना, अगदी तशी. आठ वर्षांच्या मुलीचा हात जेवढ्या उंचीवर येतो, तेवढ्याच उंचीवर.

मग सुस्कारा सोडून झोपला.

बायको म्हणाली, उंदीर असतील. आम्ही कपाट रिकामं करून पुसलं. उंदराचा मागमूस नव्हता. तो हातमोजा मनीचा नव्हता. आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. टोपलीत कसा आला, कुणाला माहीत नव्हतं. बायकोने तो फेकून दिला. खोकी परत आत ठेवली.

हजेरी मात्र चौघांची होत राहिली.

माणूस कशालाही सरावतो. मीही सरावलो. दुकानात हा किस्सा रंगवून सांगू लागलो.

मग एका संध्याकाळी भोंगा कपाटाशी गेला आणि तसाच परत आला. तिथे कुणी नव्हतं. तो घरभर हुंगत फिरला. शेवटी जिना चढू लागला, आणि मधल्या पायरीवर थांबला...

तिथे त्याने हवा चाटली.

पुढच्या आठवड्यात जिन्याच्या वरच्या टोकाला. मग मनीच्या खोलीच्या उंबऱ्यात. मग तिच्या पलंगाशेजारी.

मी मनीची गादी आमच्या खोलीत आणून टाकली. बायकोने कारण विचारलं, तर थंडीचं नाव सांगितलं. मनी फुरंगटून बसली होती. मी विचारल्यावर म्हणाली, "असं केलं तर खेळ पुढे कसा जाणार? ती कधीची सापडलीय. आता तिच्या जागी मी लपायचं आहे."

"कोण ती?"

तिने खांदे उडवले. खेळ आजपासून बंद, असं मी तिला सांगितलं. आवाज चढला होता माझा.

दोनेक दिवसांनी बायको ड्युटीवर होती. बाहेर नुकतं अंधारलं होतं. मी बटाटे सोलत होतो आणि मनी मागे टेबलापाशी चित्र रंगवत होती. तिच्या खडूचा कागदावर घासल्याचा आवाज येत होता.

आवाज थांबला...

मी वळलो. खुर्ची रिकामी होती.

हाका मारल्या. ओ नाही. पुढचं दार आतून बंद, मागचंही बंद. वर पळालो. पलंगाखाली बघितलं, न्हाणीघरात बघितलं, पडद्यामागे बघितलं. पुन्हा हाका मारल्या. माझाच आवाज मला ओळखू येईना.

मग तिचा शाळेचा मोजा घेतला. भोंग्याच्या नाकाशी धरला.

"शोध बाबा. शोध तिला."

तो तडक कपाटाशी गेला. बसला. गळा काढला. मी दार उघडून खोकी ओढून बाहेर फेकली. एक, मग दुसरं, मग सगळीच.

आत भिंत होती. बाकी काही नाही.

भोंगा मात्र त्या रिकाम्या कपाटाकडे बघून रडतच होता.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला...

"बाबा, मी सापडले."

मनी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. मी तिला उचलून छातीशी धरलं. तिचे हात बर्फासारखे गार पडले होते. कुठे होतीस विचारलं, तर नुसती हसली. मी रडलो. मला कशाचीच शुद्ध नव्हती.

भोंग्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तो कपाटाकडे तोंड करून गळा काढत राहिला. शेवटी त्याला पट्ट्याला धरून ओढावं लागलं.

महिना संपायच्या आत आम्ही घर सोडलं. नवं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. एकाच मजल्याचं, जिना नसलेलं. मनी छान आहे. जेवते, अभ्यास करते, हट्ट करत नाही. बायको म्हणते, पोरगी एकदम समजूतदार झाली.

भोंगा रोज हजेरी घेतो. मला नाक टेकवतो, बायकोला टेकवतो. मनी हात पुढे करते, तोही चाटतो, शेपटी हलवतो. तिच्याशी त्याचं काही वाकडं नाही.

मग तो दाराशी जाऊन बसतो. झोपत नाही. कुणीतरी यायचं राहिल्यासारखा बसून असतो.

बायको म्हणते, नवीन जागा आहे, रुळेल. मी मान हलवतो.

जुन्या घराची किल्ली मालकाने माझ्याकडेच ठेवली आहे, कुणी बघायला आलं तर दाखवायला. एका संध्याकाळी भोंग्याला फिरवताना तो मला तिकडे ओढत गेला. मी कुलूप उघडलं. तो अंधारात सरळ जिन्याखाली गेला. मान उंच केली. हवा चाटली...

आणि कितीतरी दिवसांनी त्याने तो मोठा सुस्कारा सोडला. तिथेच फरशीवर अंग टाकून झोपला. हजेरी पूर्ण झाली होती.

मी कपाट उघडून बघितलं. माझे डोळे चांगले आहेत, नंबर नाही. आत काही नव्हतं. तरी मी खाली बसलो आणि हळूच हाक मारली, "मने."

उत्तर आलं नाही. पण मला तिथून उठवेना.

घरी जी आहे तिची मी वेणी घालतो, तिला पांघरूण घालतो. तिच्याबद्दल असं मनात आणायचीही मला लाज वाटते. बायकोला यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी भोंग्याला फिरवून आणतो म्हणतो, आणि तिथे जाऊन थोडा वेळ बसतो. शाळेत काय झालं, आई कशी आहे, असं काहीबाही बोलतो. भोंगा शेजारी घोरत असतो.

ते घर बघायचं म्हणून अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो. मी सांगतो, भाड्याने गेलं.