दादाजींच्या डाव्या हाताची जागा

सरपंच सुधाकरराव घाम पुसतच माडी चढून आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "ताई, आमच्या गावात कोणी मेलं नाई. पण कोणीतरी पुरलं गेलं!"

चंपतमामांनी डोळे मिटले. सकाळपासून दोन सोयरिकींच्या चौकश्या करून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. भाचीनं आदिलाबादेत बियाण्यांच्या दुकानावर खासगी चौकशीची कचेरी थाटली, आणि स्कूटर चालवायला म्हणे मामा हवेत! नोकरीतून सुटलेल्या माणसाच्या नशिबी हेच लिहिलेलं असतं.

"नीट सांगा," पूनम म्हणाली. दमलेली तीही होतीच.

हकिकत अशी. बेल्याकडच्या चिंचघाट गावात लिंगायतांची चार घरं. ते मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्यांची जुनी स्मशानभूमी पिण्याच्या पाण्याच्या बोअरला लागून, म्हणून पंचायतीनं ती बंद करायचा ठराव घेतला. आहेत त्या समाध्यांना हात लावायचा नाही, नवी मात्र एकही नाही. उद्या मंडलाचे, म्हणजे तालुक्याचे, साहेब येऊन कुलूप लावणार. आणि आज सकाळी तिथे, दादाजी किराणेवाल्यांच्या समाधीला लागून, ताज्या मातीचा ढीग!

"पोलिसात गेलो तर उद्याचं सारं बोंबलते. तुमी आज पाहा. नाई तर संध्याकाळी जेसीबी लावतो."

"त्यानं दादाजींच्या समाधीलाही धक्का लागेल की."

"त्याच्यानंच तर त्यायची बायको तिथं जाऊन बसली. सोजरबाई. उठतच नाई."

मामांनी स्कूटरची किल्ली शोधायला सुरुवात केली. न शोधता मिळाली असती, पण तेवढीच विश्रांती.

सोजरबाई नवऱ्याच्या दगडाला पाठ लावून बसली होती. छातीच्या दुखण्यानं पार वाळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ते तिला ठाऊक होतं.

"ही जागा माही होती, बाई," ती पूनमला म्हणाली. "त्यायच्या डाव्या हाताची. कुलूप लागन म्हणून आधीच जीव टांगणीला लागला होता. आता तर कोण मेला येऊन बसला तिथं! ज्यानं आणला त्याचं वाटोळं हो!"

मामांना भरून आलं. पूनम ढिगाजवळ उकिडवी बसली होती. ढीग आखूड, गोल. काळ्या मातीवर पांढऱ्या चुनखडीची ढेकळं.

"मामा, भस्म दिसतं का कुठे? बेलाचं पान?"

"काही नाही. अगं, खून करणारा बेल वाहत बसेल का?"

तिनं एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. सरळ उत्तर ती कधीच देत नाही. मामांना त्याचा फार राग येई.

पलीकडे कापसाचं शेत होतं संतोषचं. मागच्या साली त्यानं कुंपण स्मशानात हातभर सरकवलं होतं, म्हणून सगळं गाव त्याच्याकडेच बोट दाखवत होतं.

"मले काऊन विचारता?" तो उसळला. "कुलूप लागलं का हे लफडं माह्या बांधावरून गेलं. मी काऊन नवी भानगड करून ठेवीन? आन् आत हाय कोण, ते तर सांगा आधी!"

"तेच तर सगळे विचारताहेत," पूनम म्हणाली.

मग सोजरबाईच्या मुलाचं दुकान. करण गूळ तोलत होता, डाव्या हातानं. उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली.

"काय झालं हाताला?"

"पोत्याचा हूक लागला, ताई."

"संध्याकाळी जेसीबी लावणार आहेत."

"लावू द्या. फक्त मायले आधी घरी आणा. तिच्यासमोर नोको."

"गावाच्या नव्या स्मशानात, त्या वैकुंठधामात, तुम्हाला जागा नाही दिली?"

"तिथं जाळायचे चौथरे हायत. पुरायले जागाच नाई ठेवली. सरपंचायले इचारलं होतं. पाहू म्हणाले." त्यानं गुळाची पुडी बांधली, ती सुटली, पुन्हा बांधली. बिचारा, मामांच्या मनात आलं.

उन्हं कलली तेव्हा जेसीबी स्मशानाच्या तोंडाशी घरघरत उभा होता. सोजरबाई काही उठली नव्हती. पूनमनं करणकडे पाहिलं. "तू सांगतोस, की मी सांगू?"

करणनं चिंधी बांधलेला हात पाठीमागे घेतला.

"बंद करा ते यंत्र," पूनम म्हणाली. "आत कोणी नाही."

"अं?" हे मामा.

"मामा, काळ्या मातीखालची चुनखडी वर कधी येते? खड्डा खोल गेला की. घाबरलेला खुनी मांडीभर उकरतो, लांबट उकरतो आणि पळतो. हा खड्डा आखूड, गोल आणि खोल आहे, बसलेल्या माणसाच्या मापाचा. म्हणजे खोदणारा लिंगायतांच्या घरातलाच. पण त्यांच्यात भस्म-बेलाशिवाय माती देत नाहीत. इथे दोन्ही नाही. मग खड्डा आहे, पण माणूस नाही."

"रिकामा खड्डा कोन काऊन करन?" सुधाकरराव म्हणाले.

"तुमच्या ठरावामुळे. आहे त्या समाधीला हात नाही, नवी नाही. उद्याच्या आत समाधी 'असणं' कोणाच्या उपयोगाचं? जिला उद्यानंतर ती लागेल, तिच्या. सारं रान मोकळं असताना ढीग नेमका नवऱ्याच्या डाव्या हाताला, बायकोच्या जागेवर. संतोषच्या हाताला घट्टे आहेत, त्याला कुदळीनं फोड येणार नाहीत. दुकानदाराला येतील. आणि आत कोण आहे, हे गावात प्रत्येकानं मला विचारलं. ज्याच्या आईची जागा गेली, त्यानं एकट्यानं नाही."

करणनं चिंधी सोडली. तळवा फोडांनी सोलवटला होता.

"उद्या साहेब पाहून गेले असते तर जागा राह्यली असती," तो कसाबसा म्हणाला. "पण जित्या मायले कसं सांगू, का मी तुह्यासाठी..."

मामांनी तोंड फिरवलं. हे ऐकायला आपण नको होतो इथे.

सोजरबाईनं लेकाचा हात ओढून मांडीवर घेतला. "आन् मी दिवसभर तुलेच शिव्या देऊन राह्यली! मुका होता का रे तू?"

सरपंच खाकरले. "माय, पोराचं समजलं मले. पण माणूस नाई तर समाधी नाई. आन् बोअरचं पाणी अख्खं गाव पिते. इथं नवं काईच होऊ देता येत नाई."

"बरोबर हाय तुमचं," सोजरबाई म्हणाली. "लेकराबाळायचं पाणी हाय ते." ती बराच वेळ दगडावर हात फिरवत राहिली. कोडं सुटलं होतं आणि कुणाचं काही भलं झालं नव्हतं.

"मंग यायलेच तिकडं घेऊन चला," म्हातारी एकदम म्हणाली. "लग्नात मी आली होती यायच्या मागं मागं. आता हे येतीन माह्या मागं. तुमच्या त्या वैकुंठधामात एक कोपरा द्या, दोघायले."

सुधाकररावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "देतो. कोपरा मी देतो, माय. पण समाधी हलवायची म्हणजे मंडलाची परवानगी लागते, मंग जिल्ह्याची. वेळ लागन."

करणच्या खांद्याचा आधार घेऊन सोजरबाई उभी राहिली. दम लागला होता, तो तिनं खाली बसू दिला.

"आणा सावकाश," ती म्हणाली. "तोवर मी मरत नाई."