एक्केचाळिसावी फाईल

वैशाखातली टळटळीत दुपार होती. मोताळ्याच्या बाजारातली शटरं अर्धी खाली आली होती, आणि बियाण्यांच्या गोदामावरच्या खोलीत प्राची एकटीच संगणकापुढे बसली होती. काम तसं साधंच. शेतकऱ्यांच्या तक्रारी नोंदवायच्या प्रोग्रॅमचा सेटअप नव्यानं बनवायचा होता. जुना सेटअप ज्या संगणकात होता तो जळाला. पण प्राचीनं लिहिलेला मूळ कोड तिच्याकडे होता. त्यातून एकच फाईल अशी तयार करायची, की नांदुऱ्याच्या नि अमडापूरच्या दुकानदारानं ती नुसती उघडावी आणि प्रोग्रॅम आपसूक बसावा. अर्ध्या तासाचं काम.

पण कोड उघडायला हात धजत नव्हता. त्यात एक ओळ होती.

गेल्या हंगामात बीटी कपाशीच्या बोंडाबोंडांत गुलाबी अळी निघाली. लोक पाकिटावरचा लॉट नंबर घेऊन तक्रारी द्यायला येऊ लागले. तेव्हा गोदामाचा मालक, बियाण्याचा वितरक रंगराव तिला गोडीगोडीत म्हणाला होता, "ह्या एका लॉटची तक्रार आत जायले नको. पण मानसाले वाटलं पाह्यजे, झाली म्हणून." प्राचीनं तशी ओळ लिहिली. तो नंबर टाकला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली' असं यायचं. नोंद मात्र कुठंच व्हायची नाही.

तक्रार द्यायला आलेल्या सत्यभामाबाईंचं पाकीट त्याच लॉटचं होतं. म्हातारीला अक्षरं वाचता येत नव्हती.

"झाली ना वं बाई?"

"हाव मावशी, झाली."

बाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती. पुढं कृषी खात्याचे लोक चौकशीला आले त्या दिवशी तक्रारींच्या यादीत त्यांचं नाव निघेना. "त्या पोरीनं सांगतलं मले, झाली म्हणून," असं त्या परोपरीनं सांगत राहिल्या. चारचौघांत खोट्या ठरल्या. पौषात तापाचं निमित्त होऊन गेल्या. प्राची मयतीला गेली नाही. कोणत्या तोंडानं जाणार होती?

फोन वाजला. रंगराव.

"बनला का सेटअप?"

"भाऊ... ती ओळ काढून टाकू का?"

"काऊन? आता काय झालं? राहू दे."

"बरं," प्राची म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाची तिला शिसारी आली.

तिनं बिल्ड, म्हणजे कोडातून सेटअप बांधणं, सुरू केलं. बांधल्या जाणाऱ्या फायलींची नावं पडद्यावर एकेक करून वर सरकू लागली. चाळीस फायली, तिला तोंडपाठ होत्या. चाळिसावी गेली... आणि खाली आणखी एक आली. तिला नाव नव्हतं. बराच वेळ ती तिथंच अडून राहिली, मग हळूच वर सरकली.

प्राचीनं कोडाचं फोल्डर तपासलं. चाळीसच. पुन्हा बिल्ड केलं. एक्केचाळीस. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि खोलीत मात्र ओल्या, सडक्या बोंडांचा वास दाटत चालला होता.

तिनं तो सेटअप उघडला. प्रोग्रॅम बसला. नवाकोरा, यादी रिकामी असायला हवी होती. यादीत एक नोंद होती. सत्यभामाबाई. तोच लॉट. तारीख आजची, वेळ आत्ताच्याच मिनिटाची. तिनं नोंद पुसली. नोंद परत आली. पुन्हा पुसली...

"झाली ना वं... बाई?"

अगदी कानापाशी. त्या संगणकाला स्पीकर नव्हता.

प्राची मागं वळली नाही. मान खाली घालून, कशीबशी म्हणाली, "नाही मावशी... नव्हती झाली. मी खोटं बोलली. मले माहीत होतं."

वास तसाच राहिला. रडत रडतच तिनं कोड उघडला, ती ओळ पुसली आणि तिसऱ्यांदा बिल्ड केलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. थांबलं. तिनं तो सेटअप दोन्ही दुकानांना धाडून दिला. उद्या रंगराव काय करेल ते करो. खिडकीतून गरम वाऱ्याचा झोत आला आणि वास विरला. कितीतरी महिन्यांनी तिनं छाती भरून श्वास घेतला.

शेवटची तपासणी म्हणून तिनं त्याच लॉटची एक खोटी तक्रार टाकून पाहिली. नोंद झाली, खरोखरच झाली. तिनं पावती छापायला दिली.

पावती बाहेर आली. सगळं बरोबर होतं. फक्त तळाशी एक चौकट होती, जी तिनं कधीच बनवली नव्हती. 'साक्षीदार'. पुढं प्राचीचं पूर्ण नाव, आणि नावाखाली निळा अंगठा.

तिनं कागदावरून बोट फिरवलं. शाई ओली होती. त्या खोलीत शाईचं पॅड नव्हतं.

मग तिनं सावकाश आपल्या डाव्या हाताची, अंगठ्यावर घट्ट मिटलेली मूठ उघडली.